दंडार ओसरीबाहेरच राहिली

नाताळची चांदणी आता चामोर्शीच्या बाजारात तयार मिळते. प्लास्टिकची, आत एलईडीची माळ. माझ्या लहानपणी ती घरीच व्हायची. बुरडाकडून बांबूच्या ओल्या कमच्या आणायच्या, पाच कमच्यांची एक चांदणी बांधायची, तशीच दुसरी. दोन्हींची टोकं सुतळीनं जखडायची आणि मधे आडव्या काड्या खोचून पोट फुगवायचं. मग पतंगी कागद आणि कणकेची खळ. आत टांगलेल्या दिव्याची वात जरा वर चढली की कागद पेटायचा आणि पुन्हा कात्री शोधायची.

गव्हाणीचा देखावाही असाच घरचा. धान नुकतंच निघालेलं असल्यानं तणसाला तोटा नव्हता. जनावरं मात्र कुठून आणायची? तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल माळ्यावरून उतरायचे. बाळ येशूच्या उशाशी चाकांवरचा, शिंगांना बेगड लावलेला बैल उभा असे आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नसे.

मंडळी मूठभर. उपासना कुणाच्या तरी ओसरीत, सतरंजीवर. पेटी, ढोलकी, झांजा आणि पुठ्ठा सुटलेली ‘उपासना संगीत’ची प्रत. गाणं पाठ असायचं, पुस्तक नुसतं मांडीवर. गायला लागलं की अभंगाची लय आपोआप यायची. यायलाच हवी. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तो तुकोबाला सोडून नव्हे, सोबत घेऊन. त्यांच्या आधी नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं होतं. पूर्वरंग, आख्यान, झांज सगळं तेच, फक्त कथा बायबलातली. टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपुरं होतं, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. नगरकडची ही सगळी कमाई वैनगंगेच्या काठापर्यंत आयती पोचली आणि आम्ही ती आपलीच म्हणून गायली.

आता कीबोर्ड आहे, गिटार आहे, भिंतीवर प्रोजेक्टरनं शब्द उमटतात. गाणी बरीचशी हिंदी, मोबाइलवरून उचललेली. मुलं चांगली वाजवतात, हे कबूल करायलाच हवं. पूर्वी बायका मागं बसून धृपद धरायच्या. आता पोरी पुढं उभ्या राहून गाणं उचलतात, कीबोर्डवर बसतात. तेवढ्यासाठी मी प्रोजेक्टरही सहन करतो. खटकतं ते एवढंच की गाणं कुठल्या गावचं आहे ते ओळखू येत नाही. नागपुरात ऐका, नाहीतर इथं, तेच ते.

पण जुन्या ओसरीचे गोडवे गाताना एक गोष्ट सोयीनं विसरली जाते. ती ओसरी तरी कुठं आमच्या झाडीपट्टीची होती? नाताळ येतो तो नेमका आमच्याकडच्या नाटकांच्या हंगामात. दिवाळीनंतर मंडया भरतात, दंडारी, म्हणजे नाचगाण्याची लोकनाट्यं, उभ्या राहतात, वडशाच्या कंपन्या गावोगावी रात्रभर नाटकं करतात. आमचा पेटीवाला रविवारी ओसरीत भजनं वाजवायचा आणि हंगामात नाटकात ऑर्गनवर बसायचा. हात तोच, पण नाटकातली एक हरकत जरी भजनात घुसली तरी वडीलधारी खाकरायची. ढोलकी चालायची, दंडारीतला तिचा ठेका चालायचा नाही. पायात चाळ बांधून कुणी प्रभूची कथा सांगावी, हे तर मनातही आलं नाही. नगरचं कीर्तन पवित्र आणि शेजारच्या गावची दंडार म्हणजे तमाशा, हा निवाडा कोणी केला कोण जाणे.

गोंडी गाण्यांचं तर आणखीच नवल. १८४५ मध्ये नागपुरात आलेल्या स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्यानं गोंडांचं लिंगोचं गीत गोंडीतच टिपून घेतलं. तो १८६३ मध्ये बुडून गेला आणि १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी त्याची टिपणं छापली. म्हणजे पाद्र्याच्या वहीत गोंडी गाण्याला जागा मिळाली, आमच्या ओसरीत मात्र त्याचा सूर कधी घुमला नाही. पुढे १९६२ मध्ये चांद्याचं मिशन केरळच्या सिरो-मलबार चर्चकडे आलं, तेव्हा तिकडचे फादर, सिस्टर आपली वेगळीच उपासना घेऊन या जंगलात आले. स्कॉटलंडचं चाललं, नगरचं चाललं, केरळचं चाललं, आता यूट्यूबचं चालतं.

मागच्या नाताळात पोरांनी नाटुकलं बसवायला घेतलं. मी म्हटलं, मेंढपाळांचा प्रवेश दंडारीत करा. रात्री शेकोटीभोवती बसलेली गुराखी माणसं, देवदूत येतो, घाबरगुंडी उडते, मग नाचत निघतात. दंडारीला आणखी काय हवं? एका काकांनी लगेच नाक मुरडलं, ते अपेक्षितच होतं. पोरांना मात्र कल्पना आवडली. त्यांतल्या एकानं खिशातून मोबाइल काढला आणि विचारलं, “काका, दंडारीचा ट्रॅक मिळन का यूट्यूबवर?”

मी त्याला त्या म्हाताऱ्या पेटीवाल्याच्या घरचा पत्ता दिला. दोन पोरं गेली, तिसरा ट्रॅक शोधत बसला.