काचेमागचा वारा

मोटरसायकलला उंच काच लावली की वाऱ्याचा त्रास संपला, या समजुतीने पुण्याच्या नाना पेठेत रोज कुणी ना कुणी विंडशील्ड विकत घेत असतं. काच बसते, गाडीला रुबाब येतो, छातीवरचा वाराही थांबतो. मग गाडी हायवेला लागते आणि ताशी ८० च्या पुढे हेल्मेट डगडगायला लागतं. नजर स्थिर राहत नाही, मान आखडते, कानात ढोलपथकाचा सराव सुरू होतो. बायकर मंडळी याला बफेटिंग म्हणतात. माझ्या गाडीने ते खंबाटकी घाटाच्या अलीकडेच दाखवून दिलं. मागे बसलेल्या बायकोचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर आपटत होतं, तो प्रसाद वेगळाच.

गंमत अशी, की मूळच्या बुटक्या काचेवर वारा जास्त लागायचा, पण तो सलग असायचा. त्याची शरीराला सवय होते. उंच काच हवा अडवते, तेव्हा पुढच्या बाजूला दाब वाढतो आणि मागे कमी होतो. मागची ती पोकळी भरायला हवा वरून आणि दोन्ही कडांवरून आत वळते, आणि वळता वळता तिचे भोवरे होतात. एक भोवरा सुटला की पाठोपाठ दुसरा. हेल्मेट नेमकं त्यांच्या वाटेत असेल, तर प्रत्येक भोवरा थप्पड मारूनच पुढे जातो. शिवाय वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६० वरून ९० वर गेलं तर वेग दीडपट, पण जोर सव्वादोनपट.

कंपन्यांनी यावर पुष्कळ डोकं चालवलं आहे. मोटो गुझीने १९५० मध्ये इटलीत मांडेल्लो देल लारिओच्या कारखान्यातच पवनबोगदा उभारला. बीएमडब्ल्यूच्या १९७६ च्या आर १०० आरएसचं फेअरिंग पिनिनफारिनाच्या बोगद्यात घडलं. पण चालवणाऱ्याची उंची, सीटचा फोम, हेल्मेटचा आकार यांतलं काहीही बदललं तरी भोवरे डोक्याऐवजी खांद्यावर येतात, किंवा खांद्याऐवजी डोक्यावर. मित्राच्या गाडीवर शांत असलेली काच आपल्या गाडीवर त्रास देते ती यामुळेच.

पवनबोगदा नसला तरी पहाटेचा रिकामा रस्ता असतो. सरळ रस्त्यावर फूटपेगवर किंचित उभं राहिलो, तर डोकं स्वच्छ वाऱ्यात जाऊन धक्के थांबत होते. टाकीवर वाकलो तरी थांबत होते. म्हणजे खोट वरच्या कडेच्या रेषेत होती, एवढं ठरलं. मग काचेच्या आतल्या अंगाला लोकरीचे तुकडे चिकटवले आणि बायकोने मागून, माझ्या खांद्यावरून, मोबाइलवर चित्रण केलं. वरचे तुकडे वेड्यासारखे भिरभिरत होते. खालच्यांची टोकं मात्र गाडीच्या दिशेने, पुढे वळलेली होती. काचेमागची हवा मागून पुढे ओढली जात होती!

आता इलाज. काच कापून बुटकी करता येते, पण कापलेली काच परत वाढत नाही. हीट गनने वरची कड वाकवणारेही आहेत. पॉलिकार्बोनेट मात्र हवेतला ओलावा धरतं, आणि तसंच तापवलं तर आत बुडबुडे उठतात. मला त्या पोकळीला खालून हवा पाजायची होती. लेथवाल्याकडून नायलॉनचे स्पेसर करून घेतले, वरच्या बोल्टांना १० मिलिमीटरचे, खालच्यांना २५ चे. त्यामुळे काचेचं बूड फेअरिंगपासून पुढे सरकलं, वरचं टोक किंचित मागे कललं आणि मध्ये हवेला वाट झाली. मूळ रबरी वॉशर ठेवले, बोल्ट लांब घेतले आणि नायलॉक नट लावले. बोल्ट ढिले होऊ नयेत म्हणून गॅरेजवाले लावतात तो चिकट द्रव मुद्दाम टाळला, कारण त्याने या प्लॅस्टिकला भोकाभोवती तडे जातात. पेट्रोलच्या फडक्यानेही तेच होतं, तरी काच पुसायला ते पुढे करणारे महाभाग भेटतातच.

फरक पहिल्याच फेरीत कळला. ९० ला हेल्मेट स्थिर, आरसा वाचता येण्याजोगा. आवाज फारसा कमी झाला नाही, कारण हेल्मेटभोवतीचा वारा आवाज करणारच. त्याला इअरप्लग हाच उपाय. वरच्या कडेला रबरी बीडिंगही लावून पाहिली. तिने गाडी जरा देखणी दिसते, यापलीकडे मला काही जाणवलं नाही. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर, जिथे पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत, तिथे आडव्या वाऱ्याने गाडी अजूनही ढकलली जाते. ट्रकच्या मागे तर कुठलीच काच कामाची नाही; तिथली हवा आपल्यापर्यंत पोचण्याआधीच ढवळलेली असते. तिथे अंतर वाढवायचं किंवा ओव्हरटेक करायचं.

बायकोच्या मते मागच्या सीटवर वारा थोडा वाढला आहे, पण हेल्मेटांची टक्कर थांबली. फटीचा खरा तोटा पावसाळ्यात कळला. तिच्यातून पाण्याची धार थेट रेनकोटच्या चेनवर येते. जूनमध्ये रबराची पट्टी खोचून मी ती बंद करतो आणि चार महिने गाडी सत्तरच्या वर नेत नाही.