उदात्त कुठाय?

शाळेत संस्कृतला चांगले गुण होते. त्यामुळे निवृत्तीनंतर ऋग्वेदाची संथा घ्यायला बसलो तेव्हा वाटलं, वाचता तर येतंच, चाल तेवढी शिकायची. पुस्तक उघडलं तर ओळखीच्या देवनागरीवर अनोळखी रेघा. काही अक्षरांखाली आडवी, काहींच्या डोक्यावर उभी. बाकीची अक्षरं कोरी. रेघा म्हणे पठणातल्या स्वरांच्या: उदात्त, अनुदात्त, स्वरित.

सुरुवातच ‘अग्निमीळे’ने. (वेदात पहिल्याच झटक्याला ‘ळ’ भेटला, मराठी मन सुखावलं.) ‘अ’खाली आडवी रेघ, तो अनुदात्त. ‘मी’वर उभी, तो स्वरित. मग उदात्त कुठाय?

“ग्नि,” गुरुजी म्हणाले.

“त्याला तर खूणच नाही!”

“उदात्ताला नसतेच.”

म्हणजे ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तेच अक्षर बिनखुणेचं. बरं, ‘ळे’सुद्धा कोरा, तोही उदात्त? नाही, तो प्रचय. स्वरितानंतरची अनुदात्त अक्षरं कोरीच सोडतात; पुढे उदात्त येणार असेल तर त्याच्या अलीकडच्या अक्षराखाली मात्र रेघ मारतात. थोडक्यात, एक अक्षर वाचायला मागचं बघा, पुढचंही बघा. त्यात शब्द सुटे करून लिहिलेला पदपाठ काढला, तर ‘ईळे’ सुटं झालेलं आणि दोन्ही अक्षरांखाली आडव्या रेघा! सलग संहितेत शेजारच्या उदात्तामुळे ‘ई’ स्वरित झाला होता. शेजार सुटला, स्वरितपण गेलं.

कानांचा गोंधळ वेगळाच. पाणिनी उदात्ताला उंच म्हणतो, पण गुरुजींच्या पठणात तो मधल्या सुरात असतो आणि सगळ्यात वर जातो स्वरित. शेवटी मी पुस्तक सोडून गुरुजींच्या मानेकडे बघू लागलो: अनुदात्ताला खाली, उदात्ताला सरळ, स्वरिताला वर. वर्गातली लहान मुलं पहिल्यापासून हेच करत होती. रेघांच्या वाटेला ती गेलीच नव्हती.

सरावाची पानं घरी संगणकावर उतरवायला घेतली. तिथे उभ्या रेघेचं युनिकोडमधलं नाव चक्क ‘उदात्त’! वापर मात्र बहुतेक स्वरितासाठी. शतपथ ब्राह्मणात तर अक्षराखालची आडवी रेघच उदात्ताची, हे कळल्यावर मी त्या ग्रंथाला लांबूनच नमस्कार केला.

परवा एका पानावर अक्षरांच्या मधेच ३ हा आकडा दिसला, वर उभी रेघ, खाली आडवी. गुरुजींना दाखवला.

“तो कंप. तुम्हाला अजून वेळ आहे,” म्हणाले आणि पान उलटलं.