नऊ अक्षरांचा रणगाडा

वॉरगेमच्या छोट्या रणगाड्याला रंग देणं सोपं असतं, असं म्हटलं तर आमच्या क्लबमधली मुलं हसतील. पण माझं मत तेच आहे. रंग बिघडला तर वरून दुसरा हात देता येतो. खरी परीक्षा असते ती डिकल लावताना. रणगाड्याचे नंबर, खुणा आणि नावं एका अगदी पातळ फिल्मवर छापलेली असतात. पाण्यात भिजवली की ती कागदावरून सुटते आणि ओली असेपर्यंतच सरकवता येते.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी, म्हणजे बंगळुरूजवळच्या बोम्मसंद्र्यात, 1/72 मापाचा सेंच्युरियन पूर्ण केला. खरा सेंच्युरियन तोफेची नळी सोडून सुमारे 7.6 मीटर लांब असतो, माझा साडेदहा सेंटिमीटर. खोक्यातल्या सगळ्या खुणा ब्रिटिश सैन्याच्या होत्या. मला तर करायचा होता पूना हॉर्सचा ‘फामागुस्ता’.

ज्युनियर्ससाठी सांगतो. हा सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा रणगाडा. त्यांचा जन्म 1950 चा, पुण्यातला. जून 1971 मध्ये ते अधिकारी झाले आणि 16 डिसेंबर 1971 ला बसंतरच्या लढाईत, शकरगढ भागात, शहीद झाले. तेव्हा ते 21 वर्षांचे होते. रणगाड्याला आग लागल्यावर वायरलेसवरून त्यांना बाहेर पडायचा हुकूम आला. माझी तोफ अजून चालते आहे, मी रणगाडा सोडणार नाही, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं. त्यांना परमवीर चक्र मिळालं. फामागुस्ता हे खरं तर सायप्रस बेटावरच्या एका बंदराचं नाव. तो रणगाडा दुरुस्त करून अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन केलेला आहे.

एवढं वाचल्यावर त्यावर ब्रिटिश खुणा लावणं शक्यच नव्हतं. नाव घरी छापावं, तर घरच्या प्रिंटरमध्ये पांढरी शाईच नसते. शेवटी पांढऱ्या इंग्रजी अक्षरांची तयार डिकल शीट घेतली. फामागुस्ता इंग्रजीत लिहायला नऊ अक्षरं लागतात आणि त्यात ‘ए’ तीनदा येतो. प्रत्येक अक्षर दोन मिलिमीटर उंच. खऱ्या रणगाड्याच्या मापात ते साडेचौदा सेंटिमीटरच्या आसपास जातं.

बाबा इथल्या औद्योगिक वसाहतीत पावडर कोटिंगच्या शॉपमध्ये आहेत. त्यांचं नेहमीचं म्हणणं असं की कोटिंग टिकणार की नाही, हे ते लावायच्या आधीच ठरलेलं असतं. डिकललाही हे तंतोतंत लागू पडतं. रणगाड्याचा मॅट रंग आपल्याला सपाट दिसतो, पण तो बारीक खरखरीत असतो. त्यावर डिकल लावलं तर खाली हवा अडकते आणि कडेने चंदेरी झाक मारते. म्हणून आधी सगळ्या रणगाड्याला ग्लॉस वॉर्निश द्यायचं आणि एक दिवस हात लावायचा नाही. रणगाडा तेव्हा परेडच्या आदल्या रात्रीच्या ड्रिल शूजसारखा चमकतो आणि अगदी खोटा दिसतो. दिसू द्यायचा.

मग एकेक अक्षर कापून कोमट पाण्यात पंधरा-वीस सेकंद ठेवायचं. बाहेर काढून ओल्या टिश्यूवर थांबायचं, ते आपणहून सुटेपर्यंत. घाई केली की फाटतं. मॉडेलवर आधी मायक्रो सेटचा थेंब, त्यावर अक्षर. मी टरेटच्या कडेला मास्किंग टेपची पट्टी लावून सरळ रेषा धरली आणि नऊ जणांना ‘दाहिने सज’ करायला लावलं. नंतर वरून मायक्रो सोल. त्याने फिल्म मऊ पडते, सुरकुतते आणि बघणाऱ्याला वाटतं, संपलं सगळं. आई तर ओरडलीच, “अरे, विरघळतंय ते!” पण तेव्हा अजिबात बोट लावायचं नाही. वाळताना ती पृष्ठभागावर बसते आणि अक्षर रंगवल्यासारखं दिसायला लागतं. सगळी अक्षरं बसायला दोन संध्याकाळी गेल्या.

त्यावर पुन्हा ग्लॉसचा एक हात आणि शेवटी मॅट वॉर्निश. हवा दमट असेल तर स्प्रेचं मॅट पांढुरकं पडतं. त्या आठवड्यात पाऊस होता. बाबा कामावरून येताना रोज आभाळाकडे बघायचे आणि म्हणायचे, “आज नको.” तिसऱ्या दिवशी ऊन पडलं, तेव्हा गच्चीवर जाऊन मारलं.

राहिलं फिनिशिंग. इथे मित्राशी फोनवर भांडण झालं. त्याचं म्हणणं, काजळी, भोकं, जळकं टरेट दाखव, भारी दिसेल. भारी दिसलं असतं, हे मलाही मान्य आहे. पण डिकल सांगतं रणगाडा कोणाचा, आणि धूळ-काजळी सांगते वेळ कोणती. मला सकाळची वेळ हवी होती, लढाईला निघालेला रणगाडा. म्हणून पट्ट्यांवर आणि खालच्या भागावर चिखल, मातकट पावडर टरेटच्या खालपर्यंतच. नाव स्वच्छ.

शाळेत परतल्यावर खरा प्रश्न आला. आमच्या खेळात फासे पडतात आणि रणगाडा जळाला की त्यावर काळा केलेला कापूस ठेवतात. एरवी क्रू आपोआप बाहेर पडतो. फामागुस्ता टेबलावर आणायचा की नाही यावरच क्लबमध्ये अर्धा तास गेला. काहींना तो काचेच्या कपाटात हवा होता. सरांनी एकच नियम बदलला: या रणगाड्याला आग लागली, तर थांबायचं की बाहेर पडायचं, हे खेळणाऱ्याने ठरवायचं.

पहिल्या शनिवारी तो सातवीतल्या एका कॅडेटकडे होता. त्याचे आधीचे दोन रणगाडे गेले तेव्हा त्याने न बघताच कापूस ठेवला होता. या वेळी फासे वाईट पडले आणि तो खाली वाकून ती नऊ अक्षरं वाचत बसला. बराच वेळ. मग म्हणाला, “सर, यातले चौघे बाहेर पडतात.” कोणी काही बोललं नाही. त्याने कापूस मागच्या बाजूला, इंजिनावर ठेवला, आणि सरांनी समोरच्याला पुढची चाल घ्यायला सांगितलं.