दुपारच्या सुट्टीतला फोन

आमच्या शाळेच्या फोनचा हिशेब कागदावर चोख आहे. दिवसाला साधारण २० फोन येतात, प्रत्येक तीनेक मिनिटांचा. म्हणजे सारे मिळून तासाभराचे बोलणे. दोन लाइनी सहा तास चालू असतात, मग तिसरीचा खर्च कशाला, असे संस्थेचे म्हणणे.

पण आमचे पालक यंत्रमागावर, कारखान्यात, लोकांच्या घरी कामाला जातात. फोन करायला त्यांच्या हाती असते ती दुपारची अर्ध्या तासाची सुट्टी. २० पैकी १० फोन त्याच वेळात येतात.

मी भाषा शिकवतो, गणित नाही. पण हे गणित मांडणारा माणूसही आधी शिक्षकच होता. आग्नर क्रारुप एर्लांग, जन्म १८७८, डेन्मार्कमधल्या एका शाळामास्तरांचा मुलगा. काही वर्षे शिकवून १९०८ मध्ये तो कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत गेला. कोण केव्हा फोन करील ते सांगता येत नाही, पण सगळ्या लाइनी एकदम गुंतण्याची शक्यता मोजता येते, हे त्याने दाखवले. त्याचे १९१७ चे सूत्र आजही वापरतात. एक लाइन सतत गुंतलेली राहील एवढ्या भाराला ‘एक एर्लांग’ म्हणतात.

अर्ध्या तासात तीन मिनिटांचे १० फोन म्हणजे बरोबर एक एर्लांग. सूत्र सांगते, दोन लाइनी असतील तर पाचांतला एक फोन परत जाईल. तीन असतील तर सोळांतला एक, चार असतील तर पासष्टांतला एक. त्यात सूत्र असे धरते की लाइन मिळाली नाही की माणूस निघून जातो. मुलाची काळजी लागलेली आई निघून जात नाही. ती पुन्हा पुन्हा फोन लावते आणि गर्दी आणखी वाढते.

डायलटोनचेही असेच होते. रिसीव्हर उचलला की टोन आपोआप येतो असे आपल्याला वाटे. खरे तर आकडे टिपून घेणारे यंत्र एक्स्चेंजमध्ये मोकळे सापडले, तरच टोन येई. अशी यंत्रे मोजकीच असत. उशीर झाला की लोक हूक खडखडवत, टोनआधीच आकडे फिरवत. मग अर्धवट आकड्यांपायी यंत्र अडकून पडे आणि मागची रांग लांबे. म्हणून अमेरिकेतल्या बेल कंपन्यांचा दंडक होता: गर्दीच्या तासातही तीन सेकंदांहून जास्त वाट पाहावी लागणारे फोन दीड टक्क्याहून अधिक नकोत. तोही हिशेब दिवसभराच्या सरासरीचा नव्हता.

सरासरीला उर्दूत ‘औसत’ म्हणतात. औसत पालक शाळेच्या दारात आलेला मी अजून पाहिलेला नाही. ज्याला हवे तेव्हा फोन करता येतो, त्याला लाइन मिळते. ज्याच्याकडे अर्धाच तास आहे, त्याला एंगेज टोन. वहीत लागलेल्या फोनांची नोंद होते, न लागलेल्यांची नाही. त्यांची नोंद कामावरच्या हजेरीत सापडेल, कारण दुसऱ्या दिवशी ती आई खाडा करून स्वतःच शाळेत आलेली असते.