लेखणीवर घर चालते का?

नोकरी न करता लेखणीवर जगलेला माणूस आठवायचा तर आम्हा घाटकोपरकरांना लांब जावे लागत नाही. अण्णाभाऊ साठे इथल्याच चिरागनगरच्या झोपडीत राहून लिहीत. तरुणपणी त्यांनी सभांसाठी, मोर्चांसाठी लिहिले. १९४४ साली अमरशेख व गवाणकरांबरोबर लालबावटा कलापथक काढले. पोवाडे, लोकनाट्ये त्या काळातली. पुढे कथा-कादंबऱ्या आल्या. बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली ‘फकिरा’ १९५९ ची. कादंबऱ्यांवर सिनेमेही निघाले. तरी १८ जुलै १९६९ रोजी गोरेगावात ते गेले तेव्हा वय अवघे ४८, आणि हलाखी सुटलेली नव्हती.

आमचे सासरे गोदीत कामाला. अण्णाभाऊंना त्यांनी सभेत ऐकले होते, म्हणूनच लेखक जावई म्हटल्यावर त्यांना धडकी भरली. बोलणीतच विचारले, “महिन्याला किती सुटतात?”

सुटत काहीच नव्हते. जयंतीची गाणी, मंडळाची पत्रके, एखादी एकांकिका, मोबदला चहा-वडापाव. कुणी पैसे पुढे केले तर आम्हालाच लाज वाटे. मुलगी झाली आणि ती लाज गेली. १९९० साली बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती लागू झाल्या, तसे दाखल्यांचे अर्ज लिहून घ्यायला लोक दारात येऊ लागले. १९९५ नंतर झोपडपट्टी पुनर्वसनाचे अर्ज. शिवाय लग्नपत्रिका, पुण्यानुमोदनाच्या पत्रिका. अर्जाचे पाच रुपये, पत्रिकेच्या मजकुराचे वीस. एकट्या बाईकडून पैसे घ्यायचे नाहीत, हा आमच्या मंडळीचा दंडक. खरे तर घर तिच्या शिलाई मशीनवर चालले. लेखणीने मीठ-मिरची भागवली.

कथा रात्री, सगळे झोपल्यावर. एका प्रकाशकाने संग्रह छापला आणि मानधन म्हणून पंचवीस प्रती हाती ठेवल्या. त्या खपवता खपवता चपला झिजल्या!

आता मुलगी बँकेत आहे. अर्ज मोबाईलवर भरले जातात, दारात कुणी येत नाही. वेळच वेळ आहे, पण डोळ्यांत मोतीबिंदू. म्हणून आत्मकथन आम्ही सांगतो आणि नात लिहून घेते. चिमणी कशी पेटवायची, पहाटे नळावर हंडा रांगेत का ठेवायचा, असे विचारून ती मध्येच थांबवते. मग तेही पानात जाते. पन्नास पाने झालीत. परवा म्हणाली, “आजोबा, पानाचे दहा रुपये पडतील.”

आम्ही मागच्या पन्नास पानांचेही चुकते केले.