दिव्यांच्या सोबतीने सिंहगड

थंडीत सूर्योदय सिंहगडावर पाहायचा, तर सायकलने पहाटे चारला पुणे सोडावे लागते. वनखात्याच्या नाक्याची वेळ आदल्या दिवशीच विचारून घ्यावी. आम्ही सातजण निघालो. गोळेवाडीला घाट सुरू झाला आणि काळोख दाटला. हँडलवरचा दिवा नाकासमोर पाहतो; वळणावर त्याचा उजेड दरीत जातो, रस्ता अंधारातच! खडीत चाक घसरून गुडघा फुटला, तेव्हा मला हे कळले. म्हणून दुसरा, हलका दिवा हेल्मेटवर हवा. मान वळेल तिकडे उजेड. मागे लाल दिवा हवाच. सर्वांत सावकाश चढणाऱ्याला पुढे ठेवावे, म्हणजे कुणी एकटा पडत नाही. गड १,३१२ मीटर उंच, घाई कसली? उतरायचे मात्र लख्ख उजाडल्यावरच.