सिमरनची गाडी आणि दादरची लोकल

मराठा मंदिरात 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' 1995 च्या ऑक्टोबरात लागला, तो तीस वर्षांनीही उतरला नव्हता. शेवट सगळ्यांना पाठ आहे. गाडी सुटलीय, दारातून राजने हात पुढे केलाय, सिमरन धावतेय. पडद्यावर तो पंजाब. खरं तर ते आपल्या पनवेल-रोहा मार्गावरचं आपटा स्टेशन.

थिएटरमधून बाहेर पडलं की हाकेच्या अंतरावर मुंबई सेंट्रल. तिथे लोकल उभी.

विशीत मीही दादरला सुटलेल्या लोकलमागे असाच धावलो होतो. दांडा हाताला लागला आणि पाय घसरला. मागून कुणीतरी शर्ट धरून खेचलं. पाटी घेऊन उभी असलेली कोळीण होती. "मेल्या, मागनं दुसरी येतेय ना!" शर्ट फाटला, मी वाचलो.

सिनेमातली गाडी इंजिनाची. एकटं इंजिन सगळे डबे ओढतं, म्हणून ती सावकाश वेग घेते. लोकलमध्ये मोटारी मधल्या डब्यांखालीही असतात, त्यामुळे ती चटकन वेग पकडते. सिमरन पाच-दहा पावलांत मागे पडली असती. मोटरमन पुढे बघत असतो. शेवटच्या डब्यातल्या गार्डने दोनदा घंटी दिली की तो निघतो. आणि बारा डब्यांच्या गर्दीत गार्डला तरी कोण कोण दिसणार?

शिवाय सिमरनला चढायला दारात जागा आहे! संध्याकाळी सातला दादरला कल्याण लोकलचं दार असं मोकळं मिळालं तर मी पेढे वाटीन.

9 जून 2025 ला मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल शेजारून गेल्या आणि दारात लटकलेले प्रवासी खाली पडले. चार जण त्याच दिवशी गेले. अशा वेळी आपल्यातलेच काही जण म्हणतात, लोक स्टंट करतात. अहो, सकाळी डबा घेऊन कामाला निघालेला माणूस कसला स्टंट करणार? आत जागा नसते म्हणून तो बाहेर लटकतो.

त्यानंतर आपोआप बंद होणाऱ्या दारांची घोषणा झाली. दारं हवीतच. पण दार लागल्यावर जे फलाटावर राहतील, त्यांचं काय? त्या कोळणीचं म्हणणं खरं ठरलं पाहिजे. मागनं दुसरी आली पाहिजे, वेळेवर, आणि आत शिरता येईल अशी.

परळ-दादरवाल्यांनो, तुमची "दुसरी" किती वेळाने येते? लिहा खाली.